समोरच्याच्या हक्काचा विमा

सेनगाव तालुक्यात विमा म्हटले की आधी पीकविमा आठवतो. सोयाबीन, तूर आणि हळदीच्या या मुलखात ते साहजिकच आहे. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत काढून घेतली. पीकविम्याची भाषा सरळ असते: माझे शेत, माझे नुकसान, माझी भरपाई. हीच भाषा घेऊन आपण गाडीच्या विम्याकडे पाहतो आणि तिथे आपली गल्लत होते. जुनी मोटारसायकल दहा-पंधरा हजारांना घेतलेली असते. मग सवाल येतो, 'गाडीच एवढ्याची, तिचा विमा कशाला काढायचा?'

सवाल बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या वस्तूबद्दल विचारलेला आहे. कायदा सक्तीने जो विमा काढायला लावतो तो गाडीचा नाहीच. गाडी जळाली, चोरीला गेली, तर त्यातून मालकाला छदामही मिळत नाही. तो विमा आहे गाडीच्या समोर येणाऱ्या माणसाचा. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याने आपल्याशी कसलाही करार केलेला नाही, तरीही ज्याचा जीव आपण रोज रस्त्यावर धोक्यात घालतो, त्या माणसाचा.

ब्रिटिश अमदानीतल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही सक्ती आली आणि १ जुलै १९४६ पासून ती अमलात आली. आज १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ तेच सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनाविमा गाडीचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये झाला; तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. उलट १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा हप्ता कर सोडून ७१४ रुपये ठरला. दिवसाला दोन रुपयेही पडत नाहीत. तरीही शोरूममधून आलेला विमा एकदा संपला की पुष्कळ लोक तो पुन्हा काढत नाहीत. त्यांचा हिशेब साधा असतो: नाकाबंदी कधीतरीच असते, आणि ती लांबून दिसली की गाडी गल्लीत वळवता येते.

या हिशेबात पोलीस आहे, दंड आहे, आपला खिसा आहे. समोरचा माणूस मात्र कुठेच नाही. मला इथे प्रश्न कायद्याचा वाटत नाही, तो अखलाकचा वाटतो. अपघात होण्याच्या आधी, कुणाचे काहीही बिघडवले नसताना, एका अनोळखी माणसाचे आपण काही देणे लागतो का?

उदाहरण घेऊन पाहू. हिंगोलीहून सेनगावला येताना नर्सी लागते. संत नामदेवांचे हे गाव. परतवारीच्या एकादशीला या रस्त्याने वारकऱ्यांची रीघ लागते. समजा, सेनगावच्या दोन एकरवाल्या एखाद्या शेतकऱ्याची दुचाकी अंधारात एका वारकऱ्यावर आदळली आणि तो दगावला. चालवणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण त्याच्या नियतीने मेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही. न्यायाधिकरण काही लाखांची भरपाई ठरवते. विमा असेल तर कंपनी ती देते. विमा नसेल तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. म्हणजे दोन एकरांवर गदा. जमीन विकूनही रक्कम पुरी होईल याची शाश्वती नाही. विधवेच्या हातात निकालाचा कागद राहतो आणि चालवणाऱ्याच्या मुलांच्या पायाखालची जमीन जाते. एका क्षणात दोन घरे बसतात.

हा पेच मोटारीबरोबर जन्माला आलेला नाही. ज्याने नुकसान केले तो फाटका आहे आणि ज्याचे नुकसान झाले तो उघड्यावर आहे, अशा वेळी न्याय कसा करायचा, हा जुना सवाल आहे. पवित्र कुरआनच्या सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत नकळत झालेल्या मनुष्यहत्येचा विचार आला आहे. तिथे दोन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. एक दियत, म्हणजे मृताच्या वारसांना द्यायची भरपाई. दुसरी कफ्फारा, म्हणजे गुलामाची मुक्तता आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. दियत माणसांसाठी आहे आणि कफ्फारा अल्लाहपुढे आहे. मृत व्यक्ती ज्यांच्याशी करार आहे अशा दुसऱ्या समूहातली असली, तरी तिच्या वारसांना दियत द्यायची आहे. हनफी इमामांनी तर अशा मुस्लिमेतराची दियत मुसलमानाइतकीच मानली. नर्सीच्या वाटेवरचा वारकरी या हिशेबातून सुटत नाही.

पण शंभर उंटांची दियत एकट्या गरिबाने कुठून आणायची? याचे उत्तर आकिला या व्यवस्थेत होते. नकळत झालेल्या हत्येची दियत एकट्यावर न टाकता त्याच्या कबिल्याने वाटून द्यायची, तीही तीन वर्षांच्या मुदतीत. ही रीत अरबांत इस्लामपूर्व काळापासून होती. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आल्यावर जो करारनामा झाला, त्यातही कोणत्या टोळीने आपापली दियत एकत्रितपणे कशी द्यायची याची कलमे आहेत. पुढे हजरत उमर (र.) यांनी दिवान, म्हणजे लष्कराच्या नोंदवह्या सुरू केल्या. त्या आधारावर हनफी फिकहने एकाच दिवानात नाव असलेल्या लोकांनाही एकमेकांचे आकिला मानले. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दियत वाटून घेणारा गट रक्ताच्या नात्यावरून नोंदवहीवर आला. नाते बदलले, हेतू बदलला नाही. हेतू हा, की मृताच्या वारसांचा हक्क मारणाऱ्याच्या गरिबीमुळे बुडू नये.

आज आपल्या गाड्यांवर एमएच ३८ हा हिंगोलीचा क्रमांक असतो. तीही एक नोंदवहीच आहे. एका रस्त्याचा धोका वाटून घेणाऱ्या लोकांची ती यादी आहे. त्या यादीतल्या प्रत्येकाने दरसाल थोडे पैसे टाकावेत आणि ज्याच्या हातून अपघात घडेल त्याच्या वतीने वारसांना भरपाई जावी, हा सक्तीच्या विम्याचा गाभा आहे.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही विम्याला इस्लामी टोपी घालत आहात. आक्षेप रास्त आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. आकिला हा नफ्याचा धंदा नव्हता. विमा कंपनी धंदा करते. हप्त्याचे पैसे ती व्याजी गुंतवते. अपघात होईल की नाही हे ठाऊक नसताना पैसे घेतले जातात, म्हणजे त्यात गरर, अनिश्चितता आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्ने आबिदीन (१७८४-१८३६) यांनी जहाजांच्या विम्याचा विचार करून तो नामंजूर केला होता. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये व्यापारी विम्याला नकार दिला, पण परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली. सुदानात १९७९ मध्ये तशी कंपनी निघाली, मलेशियाने १९८४ मध्ये तकाफुलचा कायदा केला. सेनगावच्या माणसापुढे तो पर्याय नाही. म्हणून आपल्याकडचे अनेक मुफ्ती कायद्याच्या सक्तीमुळे वाहनाच्या विम्याला मुभा देतात.

मुभा दिली हे बरेच झाले. पण मुभेची जी भाषा आपण मनात धरतो ती मला खटकते. 'सरकारची जबरदस्ती आहे, नाइलाज आहे, म्हणून काढतो.' एखादी गोष्ट नाइलाज म्हणून धरली की माणूस ती कमीत कमी करतो आणि टाळता आली तर टाळतो. मग विमा न काढणे ही परहेजगारी वाटू लागते. खरे म्हणजे इथे एका पारड्यात कंपनीच्या व्यवहारातली शंका आहे आणि दुसऱ्या पारड्यात माणसाचा हक्क. हुकूकुल इबाद, बंद्यांचे हक्क, यांबाबत आपला धर्म किती कडक आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतोच. कर्ज फेडायचे राहिलेल्या माणसाच्या जनाजाची नमाज पढवायला प्रेषितांनी (स.) नकार दिला आणि हजरत अबू कतादा (र.) यांनी त्या काही दीनारांची हमी घेतल्यावरच ती झाली. नमाज, रोजे, जकात घेऊन कियामतच्या मैदानात आलेला माणूस ज्यांचे त्याने नुकसान केले त्यांना आपल्या नेक्या देता देता कफल्लक होतो, हेही आपण ऐकलेले आहे. विमा परिपूर्ण नाही म्हणून तो नको, असे म्हणणाऱ्याने समोरच्या माणसाची दियत आपण कशी देणार हे तरी सांगावे. ज्याच्याकडे तेवढा पैसा बाजूला ठेवलेला आहे त्याने खुशाल कंपनीला नावे ठेवावीत. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो नाही. हमी देण्याची ऐपत नसताना आणि हमीदारही नसताना रस्त्यावर गाडी काढणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या जिवावर तवक्कुल करणे होय. प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते, भरोसा त्यानंतर.

जुन्या व्यवस्थेतले सगळेच आज जसेच्या तसे घेता येणार नाही, हेही मान्य करायला हवे. जुन्या फिकहमध्ये स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी धरली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ च्या निकालात घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचेही मोल धरून भरपाई काढली पाहिजे, असे सांगितले. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर कापूस वेचणारी बाई गेल्यावर घराचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात शरीयतविरोधी काही दिसणार नाही, इन्साफच दिसेल.

आता 'किमान' या शब्दाकडे येऊ. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत किमान विमा म्हणजे रकमेची मर्यादा असते. कॅलिफोर्नियात एका माणसाच्या इजेसाठी किमान पंधरा हजार डॉलरची मर्यादा १९६७ पासून चालत आली होती. ती १ जानेवारी २०२५ पासून तीस हजार झाली. त्यापुढचे नुकसान ज्याचे त्याने पाहावे. आपल्याकडे मृत्यू आणि इजेसाठी थर्ड पार्टी विम्याला रकमेची वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जे ठरवील ते कंपनीला द्यावे लागते. या बाबतीत आपला कायदा उदार आहे. पण आपल्याकडचे किमान दुसऱ्या जागी लपलेले आहे. ते 'किती' यात नाही, 'कोण' यात आहे.

हळदीची पोती घेऊन टेम्पो हिंगोलीच्या मार्केट यार्डाकडे निघाला. पोत्यांसोबत मालाचा मालक बसला आहे. १९९४ च्या दुरुस्तीमुळे तो विम्यात येतो. त्याच टेम्पोत, जाताच आहात तर मलाही सोडा, म्हणून शेजारी चढला. तो येत नाही. मालवाहू गाडीत असा बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, हे आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले. एकाच फळीवर बसलेले दोन माणसे; एकाच्या घरी हक्काचे पैसे, दुसऱ्याच्या घरी नुसता फातिहा. दुचाकीवर मागे बसणाराही नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही, असे न्यायालयाने २००६ आणि २००८ मध्ये म्हटले आहे. आपल्या मागे कोण बसते? बायको, आई, शाळेला जाणारी मुलगी. ट्रॅक्टरला चालकाची एकच जागा असते. ट्रॉलीत भरलेल्या मजुरांना किमान विम्यात सहसा जागा नसते. निकाहाचे वऱ्हाड ज्या आयशरमध्ये उभे राहून जाते त्याचीही गत तीच.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ताजी आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बायांना शेतीकामाला नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात बाया गेल्या. राज्य सरकारने पाच लाखांची आणि पंतप्रधानांच्या निधीतून दोन लाखांची मदत जाहीर झाली. ती मिळायलाच हवी होती. पण मदत आणि हक्क यांत फरक असतो. सात जणी एकदम जातात तेव्हा बातमी दिल्लीपर्यंत पोहोचते. ट्रॉलीवरून एकटी बाई पडून मरते तेव्हा बातमी तालुक्याच्या पानावर दोन ओळींत संपते. दया बातमीच्या आकाराप्रमाणे येते. हक्क एकटीलाही तेवढाच मिळायला हवा.

म्हणून कायद्याने सांगितलेले किमान भरले की जबाबदारी संपली, असे मानता येत नाही. पॅकेज पॉलिसी, जिला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, ती घेतली तर दुचाकीवर मागे बसणारा त्यात येतो. नाहीतर त्याच्यासाठी जादा हप्ता भरण्याची सोय असते. टेम्पोवाल्याने कामगारांची जोखीम पॉलिसीत घेतली आहे का, हे विचारता येते. बाजारात विकलेली गाडी वेळेवर नव्या मालकाच्या नावावर करता येते. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईला जबाबदार तोच, हे न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलेलेच आहे. पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती किल्ली न देणे हाही याच जबाबदारीचा भाग आहे. परवाना नसलेल्याने अपघात केला तर कंपनी आधी वारसांना पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करू शकते.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती आपण दबक्या आवाजात करतो. अपघातानंतर गावात बैठक बसते. चार वडीलधारी माणसे येतात. 'जाणारा गेला, त्याची तेवढीच हयात होती, कोर्टकचेरी कशाला, मिटवून टाका.' पन्नास हजारांवर सौदा होतो, फिर्याद होत नाही. अनेकदा यामागे एकच कारण असते: गाडीला विमा नव्हता. कुणी म्हणेल, वारसांनी दियत माफ करावी अशी सवलत त्याच आयतीत आहे. आहे. पण माफी देण्याचा अधिकार वारसांचा आहे, बैठकीचा नाही. इद्दतीत बसलेल्या बाईने सासऱ्या-दिरांच्या दबावाखाली मान हलवली तर ती माफी होत नाही. आणि तिच्या लहान लेकरांचा हिस्सा तर फुकट सोडून देण्याचा अधिकार त्यांच्या वलीलाही फिकहने दिलेला नाही. यतीमाच्या मालाला हात लावणाऱ्याबद्दल कुरआनात काय आले आहे हे बैठकीतल्या प्रत्येकाला पाठ असते. तो यतीमाचा माल म्हणजे हाच, न मागितलेली भरपाई. गाडीवाला पळून गेला, सापडलाच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना आहे. तिच्यासाठीही पोलिसांत नोंद लागते. मिटवण्याच्या नादात लेकरांचा तोही दरवाजा बंद होतो.

शेवटी विम्याची हद्दही ओळखली पाहिजे. हप्ता भरला म्हणून बेफाम चालवायची सनद मिळत नाही. कंपनी फार तर दियत देईल. कफ्फारा ती देऊ शकत नाही. आपल्या चुकीने माणूस गेला असेल तर दोन महिन्यांचे रोजे कुठल्या पॉलिसीत बसत नाहीत. जखमीला रस्त्यात टाकून न पळणे, त्याला दवाखान्यात नेणे, पोलिसांना खबर देणे हे कायद्याच्या कलम १३४ मध्येही आहे, पण ते काम चालकानेच करायचे आहे. त्याच्या घरी जाऊन मान खाली घालून बसणेही त्यालाच करावे लागते. आयतीने दोन जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवल्या त्याचे शहाणपण इथे दिसते. पैशाचा भार समाजाने वाटून घेतला तरी पश्चात्ताप ज्याचा त्याच्याकडेच राहतो. आणि उलट बाजूही तेवढीच खरी आहे. नुसता पश्चात्ताप, नुसते रोजे, नुसती रडारड यांनी समोरच्याच्या लेकरांची शाळेची फी भरली जात नाही.

आपल्याकडे निकाहाची तारीख ठरली की मंडप, जेवण, महर यांच्यावर चर्चा होते आणि वऱ्हाडाची गाडी 'कमी भाड्यात कोण नेतो' एवढ्यावर ठरते. त्या वेळी घरातल्या एखाद्याने गाडीवाल्याला पॉलिसीचा कागद दाखवायला सांगावा आणि मालवाहू गाडीत माणसे भरायला नकार द्यावा. भाडे हजार-दोन हजारांनी वाढेल. मशिदीच्या कमिटीनेही जुम्यानंतर दोन मिनिटे या विषयाला द्यायला हरकत नाही. आपल्या वस्तीतल्या किती दुचाकींचा विमा संपला आहे याची मोजदाद एका दुपारी होऊ शकते, आणि ज्या घरात ७१४ रुपयेही जड आहेत त्या घराचा हप्ता चार जणांनी मिळून भरला तर आकिलाची आठवण थोडी तरी खरी होईल.